शाळा पलीकडच्या किनाऱ्यावर

केतुई बेट
मंगळवार, भरती लागण्याच्या सुमारास

तीर्थरूप हेर्मिंदामावशीस,

तुझ्या भाचीचा, म्हणजे ओतिलियाचा, वाकून नमस्कार. (शाळेत तू 'बाई' होतीस आणि तुला 'तुम्ही' म्हणावं लागे. घरी आलं की लगेच 'मावशी' आणि 'तू'. मधे फक्त रस्त्यावरचा चिखल होता. पत्रात यातलं कुठलं चालतं हे तू कधी शिकवलं नाहीस, म्हणून मी 'तू'च म्हणते. पटलं नाही तर लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून परत पाठव, मागच्या नाताळच्या पत्रासारखं. त्यात तुझ्या प्रकृतीची चौकशी केली होती आणि तू फक्त स्वल्पविरामांबद्दल लिहिलं होतंस.)

तुझा गुडघा कसा आहे? सफरचंदाचा काढा चोळतेस की पितेस? चोळायचा असतो असं आमच्याकडच्या बायका म्हणतात, पण त्या सांगतात त्यातलं निम्मंच मला कळतं, कारण त्या निम्मंच सांगतात. मी ठीक आहे. आवाज गेला होता, तो आता परत आलाय. अंगावर ऊन जरा कमी पडतं इतकंच, कारण माझी खिडकी पूर्वी पूर्वेला होती आणि आता ती पश्चिमेला आहे. हे असं का झालं, ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसले आहे. घाबरू नकोस. कोणाला काही लागलेलं नाही. एका फळ्याला चीर गेली आहे, पण ती आधीपासून होती असं समज.

तू विचारलं होतंस, की मुलं लिहायला लागली का. मावशी, अक्षरं त्यांना पहिल्या महिन्यातच आली. शब्दही आले. अडलं ते वाक्यावर. तुला माहीतच आहे, या बाजूच्या बेटांवर वाक्य पूर्ण करायची पद्धत नाही. सकाळी धुक्यात दोघं बोटीवाले भेटतात. एक म्हणतो, "वारा जरा..." दुसरा म्हणतो, "हो ना, आणि त्यात बटाटे..." दोघंही समजून माना हलवतात आणि आपापल्या वाटेनं जातात. वाऱ्याचं काय, बटाट्यांचं काय, ते धुक्यालाच ठाऊक. अशा घरांतून आलेली माझी पोरं. 'गाय.' असं लिहायची आणि पुढे पूर्णविराम द्यायची. पूर्णविराम मात्र त्यांना अतिशय आवडला. तो इतक्या जोरात द्यायची की कागदाला भोक पडायचं. मी विचारलं, गाय काय करते? तर पलीकडच्या किनाऱ्यावरचा सेल्सो नावाचा एक मुलगा आहे (नऊ वर्षांचा, अक्षर मोत्यासारखं, चेहरा नोटरीसारखा), तो म्हणाला, "बाई, गाय काही करत नाही. ती गाय आहे."

"मग तेच लिही. 'ती गाय आहे.'"

"ते तर दिसतंच," तो म्हणाला आणि माझ्याकडे जरा काळजीनं बघू लागला.

मग मी खेळ काढला. एका मुलानं उभं राहून नाव म्हणायचं, आणि कोणीतरी त्याला क्रियापद आणून देईपर्यंत एका पायावर थांबायचं. पहिल्याच दिवशी 'डुक्कर' झालेला मुलगा एका पायावर इतका वेळ डोलत राहिला, की त्याच्यासाठी क्रियापद शोधायची गरजच उरली नाही. सगळे एका आवाजात ओरडले, "डुक्कर पडलं!" मावशी, हे माझ्या वर्गाचं पहिलं पूर्ण वाक्य. मी ते फळ्यावर लिहिलं आणि त्याच्याभोवती वेल काढली. त्यानंतर परिच्छेद. त्यांना सांगितलं, की एका परिच्छेदात एकच विषय असतो, आणि प्रत्येक वाक्यानं आधीच्या वाक्याचा हात धरायचा असतो. दुसऱ्या दिवशी एकीनं लिहून आणलं: 'आमचं डुक्कर मोठं आहे. ते खूप मोठं आहे. ते अजून मोठं होतंय.' विषय एकच होता, हातही धरलेले होते. मी बरोबरची खूण केली.

फक्त एक मुलगी कशालाच दाद देत नव्हती. एदुविना. सात वर्षांची, अलीकडच्या किनाऱ्यावरची, म्हणजे जिथे शाळा आहे (होती) तिथली. तिचे वडील आर्सेनिओ दक्षिणेला मेंढ्यांची लोकर कापायला गेले, ते दुसरा हंगाम झाला तरी परत आले नव्हते. आई नाही. आजी आहे, तोमासाकाकू. तिची आठवण तुला असेल, तुझ्याशी एकदा जत्रेत लसणाच्या भावावरून भांडली होती ती. एदुविना रोज पाटीवर 'बाबा.' असं लिहायची, आणि तिचा पूर्णविराम मात्र अगदी हलका असायचा, पेन्सिल टेकली न टेकली असा. मी विचारायचे, बाबा काय? ती खिडकीबाहेर बघायची. तिथून खाडीचं तोंड दिसतं. मी मग दुसऱ्या मुलाकडे वळायचे. कधी कधी मीही बाहेर बघत बसायचे, आणि आम्ही दोघी तशाच राहायचो. मागे वर्गात डुक्कर, गाय आणि पाऊस यांचे पूर्णविराम ठोकले जात असायचे.

आता मूळ गोष्टीकडे येते. (तू म्हणायचीस, मूळ गोष्ट पहिल्या परिच्छेदात यावी. मला ते अजून जमत नाही.) आमच्या खाडीच्या दोन्ही बाजूंना वस्ती आहे. शाळा अलीकडे, आणि बरीचशी मुलं पलीकडे. ती रोज सकाळी होड्या वल्हवत येतात, ओहोटीच्या उलट्या ओढीला भिडत, आणि वर्गात पोचतात तेव्हा अर्धी ओली, अर्धी झोपेत असतात. पलीकडचे आईबाप शाळेत कधीच फिरकले नाहीत. 'लिहून काय बटाटे...' असं म्हणतात आणि पुढचं वाक्य मिश्यांत जातं. मी ठरवलं, की ते येत नाहीत तर आपण जावं. शनिवारी पलीकडच्या चर्चच्या ओट्यावर मुलांनी आपापली वाक्यं मोठ्यानं वाचून दाखवायची, मी बटाट्याच्या पोळ्या भाजून न्यायच्या, सगळ्यांनी खायच्या, झालं. आमंत्रण मुलांनीच लिहायचं, म्हणजे सरावही होईल. नेमका त्या दिवशी माझा घसा बसला. मी कुजबुजत सेल्सोला मजकूर सांगितला, त्यानं मान डोलावली, संध्याकाळी तो होडी घेऊन गेला आणि पलीकडच्या बोटींच्या छपरीवर कागद लावून आला. मी चहात मध घालून झोपले.

कागदावर काय होतं ते मी नंतर पाहिलं. तू बसली असशील तर वाच:

'शनिवारी सकाळी. शाळा पलीकडच्या किनाऱ्यावर. सगळ्यांनी. जेवण आहे.'

क्रियापद एकच, आणि तेही जेवणाला. आता तूच सांग, आपल्या भागात घर ओढायच्या मिंगाचं, म्हणजे सगळ्या गावानं मिळून अख्खं घर बैलांनी दुसऱ्या जागी न्यायच्या कामाचं, आमंत्रण वेगळं कसं असतं? 'घर ओढायला या' असं कोणी लिहितं का? अमका वार, अमक्याचं घर, तमकी जागा, जेवण आहे. एवढं वाचलं की माणूस बैलांना वैरण घालायला उठतो. माझं घर आज ओढलं तर उद्या तुझं, आणि ज्याचं घर त्यानं सगळ्यांना खाऊ घालायचं. तुझ्यामाझ्या जन्माआधीपासून असंच चाललंय.

शनिवारी पहाटे मी स्वप्नात होते. स्वप्नात कोणीतरी माझ्या कानाशी मोठे मोठे श्वास घेत होतं, आणि मला ते फार बरं वाटत होतं. समुद्रच आपल्याशेजारी झोपलाय असं काहीतरी. डोळे उघडले तर खिडकीच्या काचेला टेकून एक डोळा. ओला, काळा, शांत, बशीएवढा. त्याच्यामागे धुकं. मी त्या डोळ्याकडे बराच वेळ बघत राहिले, आणि तो माझ्याकडे. मग बैलानं पापणी मिटली आणि मी जागी झाले. (तुला माहीत आहे, माझी खोली शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे. एकाच छपराखाली. म्हणजे जिथे शाळा जाईल तिथे मीही जाणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.)

शाल गुंडाळून बाहेर आले. धुक्यात बैलच बैल, पलीकडून बोटींत घालून आणलेले. जोड्याजोड्यांनी उभे, शिंगांना जू बांधलेलं, तोंडांतून वाफ निघतेय. माणसं शाळेखाली लांब ओंडके सरकवत होती. दोराची वेटोळी पडलेली, शाळा तरंगावी म्हणून रिकामी पिंपं आणलेली, आणि सगळं इतक्या हळू आवाजात, की शाळेला जाग येऊ नये म्हणून जणू सगळे जपत होते. पलीकडचे बाउदिलिओकाका, मोठ्या बोटीचे मालक, पुढारी होते. मी विचारलं, "काका, हे काय?"

"बैल, बाई."

"ते दिसतंय. पण मी तर फक्त... म्हणजे हे असं..."

"हो ना," ते मायेनं म्हणाले, "आम्हालाही वाटलंच, की जरा उशीरच... पण आता तुम्ही म्हणालात म्हटल्यावर..."

मावशी, वर्षभर मी या मुलांना पूर्ण वाक्य शिकवतेय, आणि त्या क्षणी माझ्याच तोंडून एक निघेना. अर्धा दोष घशाचा होता. उरलेला अर्धा सांगते. बाउदिलिओकाकांच्या मागे सेल्सो उभा होता, तोच कागद हातात धरून. त्याच्या आसपास ते सगळे बाप होते, जे शाळेत कधीच आले नव्हते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणत होता, "माझ्या पोरानं वाचून दाखवलं रे. एका दमात." या बेटावर आजवर कोणाच्याही लिहिण्यानं पानसुद्धा हललं नव्हतं, आणि एका नऊ वर्षांच्या मुलानं चार तुटक ओळी लिहिल्या तर पहाटेच्या धुक्यात सगळा किनारा बैल घेऊन उभा होता. मी आता काय म्हणू? की चूक झाली? की घरी जा? सेल्सो माझ्याकडे बघत होता.

"ओढा," मी म्हणाले. (एका शब्दाचं वाक्य आहे. कर्ता अध्याहृत. तपासून बघ, पूर्ण आहे.)

तेवढ्यात तोमासाकाकू आली. तिच्या अंगणासमोरच शाळा. सकाळी दूध काढायला बाहेर आली, तर समोर हा प्रकार. ती आपले दोन्ही बैल घेऊनच तरातरा आली, आणि शाळेच्या दारासमोर त्यांना आडवे उभे केले. "माझ्या दारातून शाळा उचलून न्यायला निघालात, आणि मला विचारायला कोणाची जीभ... आणि माझी पोर काय रोज होडीनं...?" बाउदिलिओकाका टोपी हातात घेऊन उभे राहिले. ते दोरांकडे बघत होते, काकू त्यांच्या बैलांकडे बघत होती. बघता बघता तिचा चेहरा बदलला. "हे जू बांधलंय की शाल पांघरलीय रे?" ती म्हणाली. "आणि हा लाल बैल डावीकडे? याला उजवीकडे घालायचं असतं हे तुझ्या बापाला कळत होतं!" तिनं स्वतः सोडलं, स्वतः बांधलं, तोंडानं आणखी दोन जोड्यांचा उद्धार केला, आणि शेवटी आपले बैल सगळ्यांच्या पुढे जोडले. कारण दुसऱ्या कोणी पुढे राहून शाळा वाकडी ओढलेली तिला बघवली नसती. शाळा न्यायला तिचा विरोध होता, तो तिनं सबंध वाटभर बोलून दाखवला, बैल हाकत हाकत.

ओहोटीच्या वाळूत शाळा जाऊन बसली आणि सगळे भरतीची वाट बघायला लागले. मी बटाट्याच्या पोळ्या वाटल्या. त्या एका बाजूच्या मिश्यांनाही पुरल्या नाहीत. पण पलीकडच्या बायकांनी शिंपले, खारं मांस आणि बटाटे आणून आधीच खड्ड्यात शिजत घातले होते. ("बाईंच्या हातचं जेवण म्हणजे..." एवढंच म्हणाल्या. मी पुढचं विचारलं नाही.) दुपारी पाणी चढलं. आधी पायरी गेली, मग ओंडके, आणि मग एक अगदी हलकासा धक्का, झोपेत कुशीवर वळताना बसतो तसा, आणि शाळा जमिनीवरून सुटली. मुलं आत होती. उतरा म्हटलं तर ऐकेनात. सेल्सो म्हणाला, शाळा पलीकडे म्हणजे आम्ही शाळेतच असायला हवं. मग दोन्ही बाजूंना खिडक्यांना लागून एकेक बोट बांधली, पुढे पाच-सहा बोटी दोर लावून वल्हवू लागल्या, आणि आम्ही निघालो.

मावशी, ते मला नीट सांगता येणार नाही. चूल विझवायची राहून गेली होती, त्यामुळे धुरांड्यातून धूर निघतच होता. जमिनीवर घोट्याएवढं पाणी आलं आणि त्यात एक खडू तरंगत होता. मुलं बाकांवर पाय वर घेऊन बसली. फळा डुलत होता. त्याच्यावर 'डुक्कर पडलं' आणि भोवतीची वेल, दोन्ही हळू हळू इकडून तिकडे जात होती. माझ्या बाजूच्या खिडकीतून नेहमी एकच झाड दिसायचं, ते आता चालायला लागलं, मागे राहिलं, आणि त्याच्या जागी पांढरं धुकं आलं. धुक्यात कुठूनतरी वल्ह्यांचा आवाज आणि कोणीतरी गुणगुणतंय. मला वाटलं, आपण असेच जात राहावं, कुठल्याच किनाऱ्याला लागू नये, आणि मुलांनी मोठं व्हावं ते इथेच, पाण्यावर. मी कोरडे कागद वाटले आणि म्हणाले, जे दिसतं ते लिहा. पहिल्यांदाच कोणी 'काय लिहू?' विचारलं नाही. सगळ्यांची डोकी खाली गेली. 'आमची शाळा पोहते.' 'समुद्र आत आलाय आणि तो आमच्या वर्गात बसलाय.' 'माझे बाबा शाळा ओढताहेत आणि ते दमले आहेत पण सांगत नाहीत.' मी एकेक वाचत फिरत होते, स्कर्ट गुडघ्यापर्यंत धरून.

एदुविना खिडकीशी होती. तिनं कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर लिहिलं होतं:

'बाबा परत येतील तेव्हा धूर जुन्या जागी दिसणार नाही आणि ते पुढे निघून जातील.'

आधी मी क्रियापदं पाहिली. (सवय. तूच लावलीस.) सगळी होती, जिथल्या तिथे. अर्थ माझ्यापर्यंत नंतर पोचला. मावशी, धुक्यात आमच्या खाडीत शिरणारी प्रत्येक बोट शाळेचा धूर बघून वळते. वर्षभर ती खिडकीबाहेर काय बघत होती, ते मला आत्ता कळलं. धूर खाडीच्या तोंडापर्यंत नीट पोचतोय ना, एवढंच बघत होती बिचारी.

मी शेजारच्या बोटीकडे वळले. त्यात तोमासाकाकू वल्ही मारत होती. (बैल तिकडच्या किनाऱ्यावर दुसऱ्यांचे होते, आणि तिला ते तपासायचे होते.) आवाज नव्हता, म्हणून खिडकीतून अर्धी बाहेर वाकून मी तिला तो कागद वाचून दाखवला. तिनं वल्ही थांबवली. मला वाटलं, आता ही नेहमीसारखं 'त्याचं काय, तो...' म्हणणार आणि सोडून देणार. पण ती म्हणाली, "आर्सेनिओ हिवाळ्याआधी येणार आहे. त्यानं निरोप पाठवलाय. मी पोरीला सांगितलं नाही, कारण मागच्या वर्षी सांगितलं होतं, आणि तो आला नाही, आणि ती तीन दिवस जेवली नाही."

खाडीतली सगळी वल्ही थांबली. तोमासाकाकूचं एवढं लांब वाक्य, तेही शेवटापर्यंत गेलेलं, या बेटानं कधी ऐकलं नव्हतं. शाळा आपली हळू हळू एका बाजूला वाहत निघाली. बाउदिलिओकाकांनी पुढच्या बोटीतून घसा खाकरला. "मग तिथे आपण काहीतरी..."

आणि मावशी, सगळ्या खिडक्यांतून माझी पोरं एकदम ओरडली, "काय काहीतरी, काका? पूर्ण सांगा!"

काका दचकले. आयुष्यात त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "मग तिथे आपण एक पाटी लावू," ते म्हणाले, आणि स्वतःच इतके खूश झाले, की वल्ह्याचा पहिला फटका चुकला.

शाळा लागली पलीकडे. जरा कलली आहे. पेन्सिल ठेवली की पश्चिमेला घरंगळते. रविवारी मुलांनी एक रुंद फळी घेतली आणि सगळ्यांनी मिळून परिच्छेद केला. एकेक वाक्य एकेकानं सांगायचं, आणि आधीच्याचा हात धरायचा. मी कोपऱ्यात बसून फक्त ऐकत होते. शेवटचं वाक्य एदुविनाचं. ती फळी आता जुन्या जागेवर, पायाच्या दगडांत रोवली आहे:

'इथे आमची शाळा होती. शनिवारी ती समुद्रावरून पलीकडच्या किनाऱ्यावर गेली. तिचा धूर आता तिकडे दिसतो. आर्सेनिओ मान्सिया यांनी मात्र पुढे जाऊ नये, कारण त्यांचं घर हललेलं नाही.'

त्यानंतर तोमासाकाकू रोज पहाटे तिथे ओलं लाकूड पेटवून धूर करायला लागली. विचारलं तर म्हणते, डास फार झालेत. आपल्याकडे या दिवसांत डास असतात का, मावशी? येणारे-जाणारे बोटीवाले त्या फळीपाशी थांबायला लागले. कोणी खाली कोळशानं लिहिलं, 'वाचलं. पुढे जातो.' कोणी लिहिलं, 'दक्षिणेत आर्सेनिओ भेटला. बरा आहे. दाढी वाढवली आहे.' एकानं लिहिलं, 'डुक्कर कुठे?' (माझ्या वर्गाची कीर्ती कुठवर गेली बघ.) लोक लिहायला लागले आहेत, आणि अर्धवट लिहिलं तर माझी मुलं जाऊन पूर्ण करतात.

मागच्या गुरुवारी टपालाची बोट आली ती धुक्यात गोल गोल फिरायला लागली. तिला दोन धूर दिसत होते. नावाडी दोन्ही किनाऱ्यांना शिव्या देत होता. ("एक खाडी आणि दोन दोन चुली, तुमच्या बेटाला काय...") त्याच्या मागे एक दाढीवाला उभा होता. त्यानं शाळेच्या जुन्या जागेपाशी बोट लावायला सांगितली, उतरला, फळीसमोर गुडघ्यावर बसला आणि ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागला. वाचायला त्याला फार वेळ लागला. तोवर धुकं विरळ झालं होतं, आणि आम्ही पलीकडून शाळेच्या खिडक्यांतून बघत होतो. शेवटच्या ओळीपाशी आला तेव्हा तो हललाच नाही. एदुविना तेव्हा पाण्यावर अर्ध्या वाटेत होती. रोज तिला आजी आणून सोडायची, त्यामुळे तिला होडी वल्हवता येते हे मला माहीत नव्हतं. तिलाही नसावं.

दुसऱ्या दिवशी तिनं पाटीवर लिहिलं: 'बाबा आले. ते घोरतात. आजी त्यांना ओरडते आणि मग त्यांच्यावर पांघरूण घालते.' मी खडू घेतला आणि तिच्या तिन्ही वाक्यांभोवती वेल काढली.

तर असं आहे. मुलं लिहायला लागली. शिक्षण खात्याला अजून काही कळवलेलं नाही. त्यांच्या नकाशावर शाळा जुन्याच जागी आहे, आणि नकाशावर तिला काही त्रास नाही.

तुझ्या कोंबड्यांना आणि शेजारच्या रेमेदिओसला माझा नमस्कार सांग. गुडघ्याला जप.

तुझीच,
ओतिलिया

ता. क. एक गोष्ट वर लिहिली नाही, कारण मला ती काल कळली. मी सेल्सोला प्रेमानं समजावत होते, की बाळा, त्या आमंत्रणात 'कार्यक्रम होणार आहे' एवढे शब्द राहून गेले, पण हरकत नाही, चुकतमाकतच माणूस शिकतो. तो म्हणाला, "राहून नाही गेले, बाई. मी रोज ओहोटीच्या विरुद्ध वल्हवतो. कार्यक्रमाला कोण आलं असतं?" आणि पुस्तक उघडून शांतपणे पुढे वाचायला लागला. मी त्याला काय शिकवणार? वरच्या पत्रात जिथे जिथे 'चूक' लिहिलं असेल तिथे तू तुझ्या पेन्सिलीनं काट मार.

ता. क. २. पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं: एदुविनाला वल्हवायला जमतं, पण अलीकडची बाकीची लहान मुलं अगदीच लहान आहेत. त्यांना खाडी ओलांडायला लावणं माझ्या जिवाला लागतं. तिथे त्यांना अक्षरं-वाक्यं शिकवणारं कोणीतरी हवं, नुसते सकाळी दोन तास. कडक असलं तरी चालेल. तोमासाकाकू म्हणते, लसणाचं ती विसरली आहे. मला माहीत आहे तू काय म्हणशील: घर सोडून मी कुठेही येणार नाही. आम्ही सगळ्यांनी त्यावर विचार केला. तुला घर सोडायची काहीच गरज नाही.

ता. क. ३. हे पत्र बाउदिलिओकाका स्वतः घेऊन येत आहेत. मी त्यांना सांगितलं, की अहो, मधे मोकळा समुद्र आहे. ते म्हणाले, समुद्र तर एकच आहे, बाई. ते फक्त बाहेरून घराचं माप घेणार आहेत, असं त्यांनी मला अगदी पूर्ण वाक्यात सांगितलंय. पण आज सकाळी पाहिलं तर सोबत आर्सेनिओ आहे, चार बोटी आहेत, आणि तोमासाकाकू बैलांना बोटीत चढवत होती. तेव्हा कपाटातली काचेची भांडी तेवढी आजच खाली उतरवून ठेव.